आठ महिन्यांची वाट आणि अठरा कार्डं

ठाण्यात वागळे इस्टेटच्या रोड नंबर १६ च्या आतल्या बाजूला माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, गाळा आहे. पुढच्या अर्ध्यात संगणक दुरुस्ती, मागच्या अर्ध्यात, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे, २०१८ साली तीन लोखंडी मांडण्या होत्या. प्रत्येकीवर सहा ग्राफिक्स कार्डं. अठरा कार्डं रात्रंदिवस इथर खणत होती, म्हणजे सतत आकडेमोडीची कोडी सोडवून इथेरियमचं आभासी चलन मिळवत होती. त्या जूनमध्ये दादाने परदेशातल्या एका विक्रेत्याकडे तीन ॲक्सलरेटर कार्डांची, म्हणजे खणण्याचा वेग वाढवणाऱ्या जोडकार्डांची, आगाऊ नोंदणी केली. पोचवायचा वायदा ऑगस्टअखेरचा होता. कार्डं हातात आली फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधल्या आठ महिन्यांत जे झालं ते मी दादा आणि वहिनीच्या संमतीने इथे मांडते आहे. पैशांचे आकडे वहिनीच्या वहीतले आहेत. तांत्रिक हिशेब माझा. महापेला एका कंपनीत मी बोर्ड डिझाइनचं काम करते.

नोंदणी का केली

ग्राफिक्स कार्डं घेतली २०१७ च्या हिवाळ्यात, भाव चढत असताना. सगळं धरून साडेपाच लाख लागले; तीन लाख साठवलेले, अडीच लाख पतपेढीचे. १३ जानेवारी २०१८ च्या सुमारास एक इथर १,४०० डॉलरच्या घरात होता. जूनमध्ये तो पाचशेच्या आसपास आला होता. तेव्हा अठरा कार्डं मिळून दिवसाला बाराशे-तेराशे रुपयांचा इथर यायचा आणि वीज ६२० रुपयांची जायची. तिन्ही रिग (एकेका मांडणीवरचा संच) मिळून साधारण २.६ किलोवॅट, म्हणजे दिवसाला ६२ युनिट, आणि सगळे आकार धरून युनिट दहाच्या आसपास पडायचं. नफा होता, पण दर महिन्याला घटत होता. पतपेढीचा हप्ता मात्र घटत नव्हता.

दुसरं कारण बँकेचं. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढलं आणि आभासी चलनाशी संबंधित सेवा बंद करायला बँकांना तीन महिने दिले. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून इथर विकून रुपये खात्यात आणायची सरळ वाट बंद होणार, हे जूनमध्ये सगळ्यांना दिसत होतं. दादा म्हणाला, "अगं, खात्यात येणार नसतील तर निदान कामाची वस्तू तरी घेऊ." सव्वादोन इथर पाठवले, तेव्हाच्या भावाने सुमारे ७५,००० रुपये. या एका वाक्यात दोन निर्णय होते आणि तेव्हा ते आम्हाला वेगळे दिसले नाहीत. इथर खर्चून टाकायचा हा एक. तो अशा रीतीने द्यायचा की परत मागता येणार नाही, हा दुसरा. बँकेच्या कार्डाने दिलेले पैसे माल न आल्यास बँकेकडे दाद मागून सोडवता येतात. इथर एकदा गेला की त्याला मागे फिरवणारा कुणी नसतो.

विक्रेत्याचा दावा असा होता: बोटभर लांबीचं कार्ड, त्यावर एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप. मदरबोर्डच्या एम.२ खाचेत बसवायचं. हॅशिंगमधलं, म्हणजे खणताना करायच्या आकडेमोडीतलं, काही काम ते ग्राफिक्स कार्डांकडून स्वतःवर घेईल, त्यामुळे सहाही कार्डांचा वेग वाढेल आणि वीज कमी लागेल. चित्रफितीत एका पडद्यावर वाढलेला आकडा दिसत होता. बस्स. दुसऱ्या कुणाच्या हातात कार्ड नव्हतं, चिपमध्ये भरायची बिटस्ट्रीम फाइल कुणी पाहिली नव्हती, कुठल्या पूलवरची (अनेकांचं खाणकाम एकत्र करून मिळकत वाटणाऱ्या सेवेवरची) नोंद नव्हती.

मला दादाने विचारलं होतं. "एफपीजीए खरं आहे ना?" मी हो म्हणाले, कारण एफपीजीए खरंच आहे, मी रोज तेच हाताळते. २०११ मध्ये बिटकॉइनवाले एफपीजीए वापरत होते, आणि २०१८ मध्ये मोठ्या एफपीजीए बोर्डांवर काही अल्गोरिदम (हॅश काढायच्या ठरलेल्या रीती) ग्राफिक्स कार्डांपेक्षा कितीतरी वेगाने चालतही होते. पण त्याचा प्रश्न चिप खरी आहे का एवढाच नव्हता. ही चिप, या खाचेतून, या कामाला, किती मदत करू शकेल, हा खरा प्रश्न होता, आणि तो मी त्या दिवशी सोडवला नाही. याची मला आजही खंत आहे.

अर्ध्या पानाचं गणित

ते गणित मी केलं ऑगस्टमध्ये, पहिली तारीख पुढे ढकलल्याचा मेल आल्यावर. ते इथे पूर्ण देते, कारण या प्रकरणात सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच आहे.

इथेरियमचा तेव्हाचा अल्गोरिदम इथॅश. तो मुद्दाम स्मृतीवर भार पडेल असा बांधलेला होता. डॅग नावाचा एक मोठा तक्ता कार्डाच्या मेमरीत ठेवायचा. तो दर ३०,००० ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा) ८ एमबीने वाढायचा आणि २०१८ च्या मध्याला अडीच जीबीच्या आसपास होता. एक हॅश काढायला, म्हणजे कोडं सोडवायचा एक प्रयत्न करायला, त्या तक्त्यातून ६४ वेळा, दर वेळी वेगळ्याच जागेवरून, १२८ बाइट उचलायचे. ६४ गुणिले १२८ म्हणजे ८,१९२ बाइट. एका हॅशला आठ केबी वाचन; यातून सुटका नाही.

दादाची कार्डं आरएक्स ५८०. त्यांची मेमरी जास्तीत जास्त सेकंदाला २५६ जीबी वाचते. २५६ अब्जाला ८,१९२ ने भागलं की ३.१२५ कोटी येतात, म्हणजे सेकंदाला ३१.२५ मेगाहॅश (एक मेगाहॅश म्हणजे दहा लाख हॅश). हे त्या कार्डाचं छप्पर. दादाने कार्डांचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून, व्होल्टेज उतरवून प्रत्येक कार्ड तीसच्या आसपास आणलेलंच होतं. छपराला डोकं टेकायला जेमतेम चार टक्के जागा उरली होती. बाहेरून कुठलीही चिप लावा, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग तिला वाढवता येणार नव्हता.

मग त्या चिपनेच डॅग वाचला तर? तिच्यावर एक जीबी मेमरी होती. अडीच जीबीचा तक्ता तिथे मावत नाही. तो ग्राफिक्स कार्डाकडून मागवायचा तर वाट अरुंद. एम.२ खाचेतल्या चार लेन (माहिती जायच्या मार्गिका), दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीवर, सेकंदाला २ जीबी. २५६ समोर २. त्यातून दादाची ग्राफिक्स कार्डं रायझरच्या (कार्ड मदरबोर्डपासून दूर ठेवायच्या जोडवायरच्या) एकेका लेनवर टांगलेली. तिथे तर ५०० एमबी. पाइपलाइन अरुंदच ठेवून नळाला मोटर लावण्यासारखं ते होतं.

इथर सोडून दुसरं नाणं? विक्रेता पुढे पुढे त्याच बाजूला सरकत गेला. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या रेव्हनकॉइनचा एक्स१६आर अल्गोरिदम सोळा हॅश एकामागून एक लावतो, आणि त्यांचा क्रम मागच्या ब्लॉकच्या हॅशवरून ठरतो. इथे मेमरीपेक्षा गणना जास्त, त्यामुळे एफपीजीएला काही हॅश देणं पटण्यासारखं आहे. तरी दर हॅशला ६४ बाइटची मधली स्थिती कार्डाकडून चिपकडे न्यायची आणि परत आणायची. रायझरच्या ५०० एमबीला ६४ ने भागा: सेकंदाला अठ्ठ्याहत्तर लाख हॅश, तेही एकाच फेरीला आणि कागदावरच्या वेगाने. सोळा टप्प्यांत दोन-तीन वेळा देवाणघेवाण झाली की फायदा वाटेतच संपला. रुंद खाचा असलेला मदरबोर्ड घेतला असता तर वाट मोठी झाली असती, पण मग एका बोर्डावर सहा कार्डं बसली नसती, आणि रिगचं सगळं अर्थशास्त्र त्या सहावर उभं होतं.

मी हे दादाला कागदावर दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ते लबाड आहेत?" मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाठवलेलं कार्ड नीट बनवलेलं होतं. त्यांनी बहुधा एखाद्या अल्गोरिदमवर, एखाद्या बोर्डावर काहीतरी चालवून पाहिलं आणि सगळीकडे चालेल असं धरून चालले. घेणाऱ्याच्या बाजूने या दोन्हीत फरक नाही. आपण ज्या दाव्यासाठी पैसे मोजले तो कुणीही मोजून दाखवलेला नव्हता.

वाट पाहण्याचा जुना इतिहास

या धंद्यात यंत्र उशिरा येणं म्हणजे फ्रीज उशिरा येण्यासारखं नाही, हे नवख्याला पटवणं अवघड असतं. फ्रीज महिन्याने आला तरी तेवढाच थंड करतो. खाणीचं यंत्र रोज थोडं थोडं निकामी होत असतं, खोक्यात बंद असलं तरी.

बिटकॉइनमध्ये हे आधीच घडून गेलं होतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने जून २०१२ मध्ये केवळ बिटकॉइनसाठी घडवलेल्या चिपची यंत्रं जाहीर केली, आगाऊ पैसे घेतले आणि ऑक्टोबरचा वायदा केला. ऑक्टोबर गेला, वर्ष संपलं. दरम्यान जानेवारी २०१३ च्या अखेरीस चीनमधल्या ॲव्हलॉनचं यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती पडलंसुद्धा. सप्टेंबर २०१३ पर्यंत बटरफ्लायच्या वीस हजारांहून जास्त गिऱ्हाइकांना माल मिळालेला नव्हता, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढच्या वर्षी कोर्टात मांडलं. २०१६ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

पण खरा फटका डिफिकल्टीचा. बिटकॉइन दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोडं किती अवघड ठेवायचं ते नव्याने ठरवतो. जानेवारी २०१३ मध्ये हा आकडा तीस लाखांच्या आसपास होता. डिसेंबरमध्ये शंभर कोटींच्या पलीकडे गेला. बटरफ्लायच्या ६० गीगाहॅशच्या (सेकंदाला सहा हजार कोटी हॅशच्या) यंत्राचा हिशेब मी त्यावर मांडून पाहिला. ते जानेवारीत सुरू झालं असतं तर दिवसाला दहा बिटकॉइन. वर्षअखेरीला सुरू झालं तर दिवसाला ०.०२६ च्या आसपास. यंत्र तेच, स्क्रूसुद्धा बदललेला नाही.

उलट उदाहरणही आहे आणि ते लपवणं अप्रामाणिकपणा होईल. स्वीडनच्या केएनसी मायनरनेही आगाऊ पैसे घेतले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये यंत्रं पोचवायला सुरुवात केली. पहिल्या खेपेतल्या लोकांचं भलं झालं. आगाऊ नोंदणी म्हणजे बुडणारच असं नाही. फक्त तारखेचा सगळा धोका गिऱ्हाइकाच्या अंगावर असतो आणि किंमत ठरताना तो कुणी मोजत नाही.

२०१८ मध्ये तर आणखी एक गोष्ट हलत होती: अल्गोरिदम स्वतःच. मोनेरो या नाण्याने एप्रिल २०१८ मध्ये खास चिपांना हुसकावण्यासाठी आपला अल्गोरिदम बदलला, ऑक्टोबरमध्ये परत, मार्च २०१९ मध्ये परत. रेव्हनकॉइनने १ ऑक्टोबर २०१९ ला तेच केलं. इथॅशसाठी खास बनवलेलं ई३ यंत्र चीनच्या बिटमेन कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं, १८० मेगाहॅशचं, म्हणजे दादाच्या एका अख्ख्या रिगएवढं. आपलं कार्ड वाटेत असताना इकडे स्पर्धकाचं यंत्र पोचत होतं आणि तिकडे कामच बदलत होतं.

गाळ्यात काय झालं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की फोन बाहेर येऊन घ्यावा लागत होता, तेव्हा कल्याणहून एक गेमिंग कॅफेवाला आला. त्याने कार्डं पाहिली, दोन चालवून घेतली आणि अठरांचे मिळून ३,०५,००० रुपये सांगितले. रोख. दादाने नाही म्हटलं. कारण विचारलं तर एकच: ॲक्सलरेटर येतोय, मग या कार्डांची किंमत वाढेल.

माझ्या मते प्रकरण इथेच फिरलं. ७५,००० रुपये गेले त्या दिवशी तेवढेच गेले होते. न आलेल्या कार्डाच्या भरवशावर आलेला खरेदीदार परत पाठवला, तेव्हा नुकसान वाढायला लागलं.

वहिनीला मागचा अर्धा गाळा एका कुरिअरवाल्याला द्यायचा होता. तो महिना सात हजार द्यायला तयार होता. तिने ऑगस्टमध्ये विचारलं, "अहो, मांडण्या हलवायच्या का?" दादा म्हणाला, कार्डं आली की बघू. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मेल आला: चिपचा पुरवठा अडकलाय, ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी: कार्डं तयार आहेत, सॉफ्टवेअर तपासतोय. डिसेंबरात: पहिली तुकडी निघाली. प्रत्येक मेलमध्ये एखादा फोटो असायचा, आणि तो खरा असायचा. म्हणूनच थांबणं सोपं गेलं. विक्रेता गप्प बसला असता तर दादाने सप्टेंबरमध्येच आशा सोडली असती. थोडं थोडं पुढे सरकणारं काम माणसाला बांधून ठेवतं.

वहीतला हिशेब असा. जुलैत दिवसाला साडेपाचशे रुपये नफा, ऑगस्टमध्ये दीडशेच्या आसपास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमा आणि वीज जवळपास सारखी. नोव्हेंबरात इथर कोसळला. डिसेंबरच्या मध्याला नव्वद डॉलरच्या खाली होता. तेव्हा चारशेचा इथर काढायला ६२० ची वीज जात होती. वहिनीने त्या पानावर लाल पेनाने काही लिहिलं नाही, फक्त दोन्ही रकमांखाली रेघ ओढली. मी म्हटलं रिग बंद कर. दादा म्हणाला, "आता बंद केले तर कार्ड आल्यावर सगळं परत जमवायला लागेल." आठ महिन्यांची मायनिंगची जमा-वीज शेवटी कुठेच गेली नाही, दोन-तीन हजार इकडे किंवा तिकडे.

फेब्रुवारीत कुरिअर कंपनीने केवायसीची कागदपत्रं मागितली आणि कर, हाताळणी धरून सोळा हजार घेतले. कार्डं आली. देखणी होती. शनिवारी आम्ही बसवली. इथॅशसाठी सांगितलेली बिटस्ट्रीम तोवर आलेली नव्हती, आणि ती पुढेही आली नाही. दुसऱ्या एका अल्गोरिदमची आली होती. पडद्यावरचा आकडा नऊ टक्क्यांनी वाढलेला दिसला तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चोवीस तास थांबू आणि पूलवर किती जमा झालं ते बघू. माइनिंगचं सॉफ्टवेअर आपलंच काम आपण मोजतं. पूल फक्त पोचलेलं आणि खरं ठरलेलं काम मोजतो. चोवीस तासांनंतर पूलवरची वाढ दीड टक्का होती, जी रोजच्या चढउतारातही असते. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावला होता. वीज रिगमागे वीस वॅटने वाढली होती.

मार्चमध्ये ग्राफिक्स कार्डं विकली. कल्याणवाल्याला आता नको होती. बाजारात मायनिंगमधून निघालेल्या कार्डांचा पूर आला होता. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने अठरांचे १,४५,००० दिले.

नोंदणीपायी गेले ९१,०००: इथरचे ७५ आणि सोडवणुकीचे १६. वाट पाहण्यापायी गेले दोन लाखांच्या वर: कार्डांच्या भावातली तूट १,६०,००० आणि सात महिन्यांचं न मिळालेलं भाडं ४९,०००. दादा कितीतरी दिवस फक्त इथरचा आकडा सांगायचा. ओळखीचे विचारायचे, "किती बुडाले?" तो म्हणायचा, "पाऊण लाख." वाट पाहण्याचा आकडा वहिनीने एकदा जेवताना, अगदी हळू आवाजात सांगितला, तेव्हा तो उठून गेला नाही, एवढं मला आठवतं.

कुणी म्हणेल, ते सव्वादोन इथर ठेवले असते तर २०२१ मध्ये काय झालं असतं. तेव्हा एका इथरला चार हजार डॉलर आले, हे खरं. पण हा हिशेब मी धरत नाही. पतपेढीचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाने तीन वर्षं इथर हलवला नसता असं मानणं म्हणजे आणखी एक न मोजलेला दावा. सप्टेंबर २०२२ मध्ये तर इथेरियमने खाणकामच बंद केलं.

आज कुणी विचारलं तर

हल्ली असे दावे दुसऱ्या नावांनी येतात आणि महापेच्या कॅन्टीनमध्ये मला कुणीतरी फोनवर फोटो दाखवतं. मी आता चिप खरी आहे का हे सांगत बसत नाही. अडसर कुठे आहे ते विचारते: मेमरीत, वाटेत, की गणनेत, आणि हे यंत्र त्याच अडसराला हात घालतं का. मग विचारते की त्रयस्थ माणसाने, भिंतीवरच्या मीटरने आणि पूलवरच्या जमेने मोजलेला आकडा आहे का. आणि तिसरा प्रश्न, जो दादाला कुणी विचारला नाही, मी तर नाहीच: हे येईपर्यंत तू कुठलं काम थांबवून ठेवणार आहेस?

मागच्या अर्ध्या गाळ्यात एप्रिल २०१९ पासून कुरिअरवाला आहे. भाडं आठ हजार झालं. पतपेढीचं कर्ज फिटायला आणखी दोन वर्षं लागली. तीनपैकी एक ॲक्सलरेटर दादाने मला दिला. एफपीजीए चांगली आहे. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी पहिला धडा तिच्यावर देते: एक दिवा सेकंदाला एकदा लावायचा, आणि तो खरंच सेकंदाला एकदाच लागतो का, ते ऑसिलोस्कोपवर मोजून दाखवायचं.